रिंग सपाट दिसते, बाँड १.३८ आलाय, तरी ती आरोमॅटिक नाहीये

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सोलापुरात पीएचडी करणाऱ्या एका मुलीने क्लोरो असलेल्या फिनाइल हायड्राझीन आणि सायक्लोहेक्झॅनोनपासून फिशर इंडोल रिॲक्शन करून क्लोरो टेट्राहायड्रोकार्बाझोल बनवलं (सपाट इंडोलला चार सीएच२ असलेली सहा कार्बनची रिंग जोडलेली), क्रिस्टल पुण्याला पाठवला, रूम टेम्परेचरला एक्स-रे डेटा मिळाला, स्पेस ग्रुप (क्रिस्टलमधल्या मांडणीचा प्रकार) पी २१ बाय सी, आर व्हॅल्यू (मॉडेल आणि डेटामधली तफावत) ७.२ टक्के. अडचण अशी की जी रिंग सॅच्युरेटेड असायला हवी तिच्यातला सी-२ ते सी-३ बाँड १.३८ अँगस्ट्रॉम, म्हणजे डबल किंवा आरोमॅटिक बाँडइतका आखूड आलाय आणि रिंग जवळजवळ सपाट दिसतेय. गाइड म्हणतायत की ऑक्सिडाइज होऊन कार्बाझोल झालं असणार, म्हणजे ही रिंगही आरोमॅटिक झाली असणार, थिसिसमधलं स्ट्रक्चर बदला. तिचा प्रश्न, बदलू का?

नका बदलू. निदान आत्ता तरी नाही. तुम्ही जे आकडे दिलेत त्यावरून मला जवळपास खात्री आहे की तुमचा कंपाउंड बरोबर आहे आणि ही रिंग डिसऑर्डर्ड आहे, म्हणजे तुम्हाला दिसतंय ते दोन वेगवेगळ्या आकारांचं ॲव्हरेज आहे. वीस वर्षांच्या वर हेच काम करतोय आणि हा एकच घोटाळा मी इतक्या वेळा बघितलाय की आता आकडे वाचूनच कळतं. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका सहा कार्बनच्या रिंगमधे असाच डबल बाँड "शोधला" होता, रिपोर्टही पाठवून दिला होता, पुढे त्याच सॅम्पलचा एनएमआर (हायड्रोजन कुठे, कसे आहेत ते दाखवणारी चाचणी) समोर आला तेव्हा दोन सीएच२ ठणठणीत जागेवर होते. तो रिपोर्ट मागे घ्यावा लागला, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

क्रिस्टलोग्राफीत आपण एक मॉलिक्यूल बघत नसतो हे आधी डोक्यात पक्कं करा. क्रिस्टलमधे अब्जावधी युनिट सेल असतात आणि एक्स-रे त्या सगळ्यांचं मिळून एक चित्र देतो. आपल्याकडची जेकार्डची चादर घ्या, एकच फूल ओळीने परत परत येतं. समजा विणताना दर शंभर फुलांमधल्या सत्तरांची पाकळी वर वळली आणि तिसांची खाली, आणि तुम्ही सगळ्या फुलांचे फोटो एकावर एक ठेवून एकच फोटो काढला, तर काय दिसेल? पाकळी मधेच कुठेतरी, पसरट, पुसट. खरं तर एकाही फुलाची पाकळी तिथे नाहीये. तुमचे सी-२ आणि सी-३ नेमके तसे आहेत.

आता केमिस्ट्री. टेट्राहायड्रोकार्बाझोलच्या त्या रिंगमधे सी-४ए आणि सी-९ए इंडोलच्या सपाट भागात अडकलेले, सी-१ आणि सी-४ त्यांना चिकटून त्याच प्लेनच्या जवळ, आणि सी-२, सी-३ मात्र मोकळे. ही रिंग हाफ-चेअर होते, सायक्लोहेक्झीन होते तशीच, म्हणजे सी-२ प्लेनच्या साधारण ०.३५ अँगस्ट्रॉम वर आणि सी-३ तेवढाच खाली. पण उलटंही चालतं, सी-२ खाली आणि सी-३ वर, एनर्जी एकच. क्रिस्टलमधे शेजारच्या मॉलिक्यूलने त्या दोन कार्बनना घट्ट दाबून धरलं नसेल तर काही सेलमधे एक आकार आणि काहींमधे दुसरा, किंवा एकच मॉलिक्यूल इकडून तिकडे हलत राहतो. आणि तुमच्यात तर त्या बाजूला फक्त सीएच२ आहेत, धरून ठेवायला हायड्रोजन बाँड वगैरे काहीच नाही.

१.३८ कुठून आला ते कागद घेऊन करून बघा, पायथागोरसच आहे. खरा सी-२–सी-३ बाँड १.५२ च्या आसपास. दोघांच्या उंचीतला फरक ०.७० (एक ०.३५ वर, एक ०.३५ खाली). १.५२ चा वर्ग २.३१, त्यातून ०.७० चा वर्ग ०.४९ वजा केला, १.८२ उरले, वर्गमूळ १.३५. म्हणजे दोन्ही आकार अर्धे-अर्धे असतील तर ॲव्हरेज झालेले दोन्ही कार्बन प्लेनमधे येऊन बसतात आणि त्यांच्यातलं अंतर १.३५ दिसतं, चक्क डबल बाँड. सत्तर-तीस असेल तर ते थोडे वर-खाली राहतात आणि अंतर १.३८ च्या जवळ येतं. तुमचा आकडा! एकही बाँड प्रत्यक्षात आखूड झालेला नाही, उंची पुसली गेली म्हणून सावली आखूड पडलीय.

आणि हे गाइडना पटवायला तुमच्याच टेबलमधे पुरावा आहे. आरोमॅटिक रिंग असेल तर सहाच्या सहा बाँड १.३७ ते १.४१ च्या पट्ट्यात यायला पाहिजेत. सी-१–सी-२ आणि सी-३–सी-४ किती आलेत बघा. माझा अंदाज १.४७ ते १.५० च्या मधे (वरच्याच हिशोबाने ०.३५ ची उंची पुसली की १.५२ चा १.४८ होतो). आणि सी-९ए–सी-१, सी-४–सी-४ए हे १.४९-१.५० च्या आसपास असणार, कारण ते चारही अणू जागेवर आहेत, त्यांचं ॲव्हरेज झालेलं नाही. एका बाजूला १.५०, शेजारी १.४८ आणि मधेच १.३८, अशी आरोमॅटिक रिंग जगात नसते. मग एलिप्सॉइड बघा, म्हणजे प्रत्येक अणू किती आणि कुठल्या दिशेने पसरलाय ते दाखवणारे आकार. सी-२ आणि सी-३ चे एलिप्सॉइड रिंगच्या प्लेनला काटकोनात काकडीसारखे लांबट झालेले असतील आणि बाकीचे कार्बन बऱ्यापैकी गोल. स्ट्रक्चर तपासणाऱ्या चेकसिफमधे शेजाऱ्यांपेक्षा यूइक्यू (अणूचा पसरटपणा) जास्त असल्याचा अलर्ट आला असेल, आणि त्या कार्बनवर दोन-दोन हायड्रोजन ठेवले असतील तर आखूड सी-सी बाँडचा, ३६० नंबरचा. लोक हे अलर्ट कॉपी-पेस्ट उत्तर देऊन मिटवतात, पण इथे ते खरंच काहीतरी सांगतायत.

एक धोका अजून. ओलेक्स२ या सॉफ्टवेअरमधे हायड्रोजन ऑटो ॲड केले असतील तर ते जॉमेट्री बघून ठरवतं की इथे एक हायड्रोजन का दोन. बाँड १.३८ आणि रिंग सपाट म्हटल्यावर ते सी-२, सी-३ वर एकेकच हायड्रोजन ठेवण्याची शक्यता बरीच आहे. मग सिफ फाइलमधला (स्ट्रक्चरची अंतिम फाइल) फॉर्म्युला आपोआप कमी हायड्रोजनचा होतो आणि माणसाला वाटतं की बघा, एक्स-रेने सिद्ध केलं. एक्स-रेने काही केलेलं नाही, आपणच चुकीच्या ॲव्हरेजवर हायड्रोजन बसवले. सी-१ आणि सी-४ भोवतीचा डिफरन्स मॅप (मॉडेलमधे न बसलेली इलेक्ट्रॉन डेन्सिटी) बघा, ते अणू स्थिर असल्यामुळे तिथे दोन-दोन हायड्रोजनचे पीक बऱ्यापैकी दिसतात. आरोमॅटिक असतं तर एकच, तोही प्लेनमधे.

क्रिस्टलच्या बाहेरचा पुरावा तर अजून सोपा आहे आणि तो सोलापुरातच मिळेल. मास स्पेक्ट्रममधे तुमचा कंपाउंड २०५ ला (क्लोरीनमुळे २०७ ला त्याच्या एक तृतीयांश), क्लोरोकार्बाझोल झालं असेल तर २०१ ला, चारचा फरक आहे, चुकायला जागाच नाही. प्रोटॉन एनएमआरमधे १.८-१.९ ला चार आणि २.७ च्या आसपास चार प्रोटॉन दिसले की रिंग सॅच्युरेटेड, आणि कार्बाझोल असेल तर हे सगळं गायब होऊन ८ पीपीएमच्या आसपास नवे आरोमॅटिक प्रोटॉन दिसतात. मेल्टिंग पॉइंटही बघा, मूळ टेट्राहायड्रोकार्बाझोल १२० च्या जवळ वितळतं आणि कार्बाझोल २४५ च्या पुढे, क्लोरोमुळे आकडे सरकतील पण इतका मोठा फरक लपत नाही. फक्त एक काळजी घ्या, हे सगळं ज्या व्हायलमधून क्रिस्टल उचलला त्याच व्हायलमधल्या क्रिस्टलवर करा. बल्कचा एनएमआर जुना असेल तर गाइड बरोबरच म्हणतील की क्रिस्टल वेगळ्याच कशाचा आलाय. असं होतंही, कमी प्रमाणातली इम्प्युरिटी कधीकधी जास्त सुंदर क्रिस्टल देते.

गाइडची शंका अगदीच हवेतली नाही हेही सांगतो. टेट्राहायड्रोकार्बाझोल हवेत आणि उजेडात ठेवलं की तपकिरी पडतं, ऑक्सिडाइज होतं हे खरं आहे. पण हवेतला ऑक्सिजन सी-४ए वर जाऊन हायड्रोपेरॉक्साइड करतो, रिंग आरोमॅटिक करत नाही. पूर्ण कार्बाझोल करायला पॅलेडियम-कार्बनवर तापवावं लागतं किंवा क्लोरॅनिल, डीडीक्यू असं काहीतरी लागतं. ॲसिटिक ॲसिडमधे रिफ्लक्स करून इतकं सहज होत नाही. म्हणून त्यांना "तुमचं चुकलं" असं नका म्हणू, मास आणि बाँडचं टेबल शेजारी-शेजारी ठेवा, ते केमिस्ट आहेत, त्यांना दिसेल.

आता दुरुस्त कसं करायचं. सी-२ आणि सी-३ दोन्ही मॉडेलमधून काढून टाका आणि उरलेल्यावर डिफरन्स मॅप काढा. तिथे एक गोल पीक येण्याऐवजी उभा लांबट ढग किंवा दोन उंचवटे दिसले की काम झालं. शेल्क्सएल या रिफाइन करायच्या प्रोग्रॅममधे पार्ट १ मधे सी-२ए, सी-३ए आणि पार्ट २ मधे सी-२बी, सी-३बी असे लिहा, ऑक्युपन्सी (तो आकार किती सेलमधे आहे त्याचं प्रमाण) २१ आणि उणे २१ द्या, आणि एफव्हीएआर ओळीत दुसरा आकडा ०.६ टाका, मग खरं प्रमाण ते स्वतः रिफाइन करेल. सुरुवातीला चारही अणू आयसोट्रॉपिकच (म्हणजे गोल) ठेवा, घाई करू नका. मग एसएडीआय लावून दोन्ही भागांतले सारखे बाँड सारखे राहतील असं सांगा, सी-१–सी-२ए आणि सी-१–सी-२बी, तसंच सी-३–सी-४ चे दोन, आणि सी-२–सी-३ चे दोन. स्थिर झालं की ॲनआयसोट्रॉपिक करा आणि आरआयजीयू, सिमू (एलिप्सॉइड आवाक्यात ठेवणारे रिस्ट्रेंट) लावा.

इथे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. सी-१ आणि सी-४ हलत नाहीत, पण त्यांचे हायड्रोजन हलतात! सी-१ चे दोन हायड्रोजन कुठे बसणार ते शेजारी सी-२ए आहे का सी-२बी यावर ठरतं. म्हणून सी-१ आणि सी-४ सुद्धा दोन्ही पार्टमधे लिहायचे, ईएक्सवायझेड आणि ईएडीपी लावून एकाच जागी बांधायचे, आणि मग एचफिक्स २३ (सीएच२ चे हायड्रोजन बसवणारी सूचना) द्यायचं. हे केलं नाही तर रिंग सुधारते पण हायड्रोजन विचित्र कोनात उभे राहतात आणि रेफरी तेच पकडतो.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. "रिंग नीट येत नाही" म्हणून एएफआयएक्स ६६ लावणं. ते रिंगला जबरदस्तीने १.३९ चा नियमित षटकोन करतं, डिसऑर्डर झाकला जातो आणि चूक कायमची छापली जाते. आणि उलट बाजूचा अतिरेकही नको, दुसऱ्या भागाची ऑक्युपन्सी ५ टक्क्यांवर आली आणि त्याला उभं ठेवायला डझनभर रिस्ट्रेंट लागत असतील तर तो भाग डेटात नाहीये, तुमच्या मनात आहे. तुमच्या १.३८ वरून मला ७०-३० च्या जवळपास वाटतंय, म्हणजे मॉडेल व्यवस्थित टिकायला पाहिजे. टिकल्यावर सी-१–सी-२–सी-३–सी-४ चा टॉर्शन (पिळाचा कोन) दोन्ही भागांत ६० अंशांच्या आसपास आणि विरुद्ध चिन्हाचा येईल, प्लॅटॉन प्रोग्रॅममधे क्रेमर-पोपल (रिंगचा आकार सांगणारे आकडे) काढलं तर थीटा ५० किंवा १३० च्या जवळ, म्हणजे हाफ-चेअर. थिसिसमधे हे दोन्ही टॉर्शन आणि ऑक्युपन्सी द्या, ॲव्हरेजचा १.३८ कुठेही देऊ नका. केंब्रिजच्या डेटाबेसमधे टेट्राहायड्रोकार्बाझोल शोधलंत तर सी-२, सी-३ असेच दोन जागी विभागलेली स्ट्रक्चर सापडतील, त्यातली दोन-तीन शेजारी ठेवा.

सेल बरोबर आहे का याची शंका असेल तर हायड्रोजन सोडून दर अणूला १८ घन अँगस्ट्रॉम धरा, तुमचे १४ अणू, २५२, गुणिले सेलमधले ४ मॉलिक्यूल, हजाराच्या आसपास. तुम्ही व्हॉल्युम १०३५ लिहिलंय, म्हणजे ठीक, तिकडे वेळ घालवू नका.

पण मला विचाराल तर खरा इलाज परत डेटा घेणं आहे, थंड करून. कारण सांगतो. सी-२ए आणि सी-२बी मधलं अंतर जेमतेम ०.७० अँगस्ट्रॉम. मॉलिब्डेनमच्या रेडिएशनने टू-थीटा (किरण वळण्याचा कोन) ५० पर्यंत डेटा घेतला तर रिझोल्युशन ०.८४ अँगस्ट्रॉम मिळतं. म्हणजे जे दोन ठिपके वेगळे बघायचेत ते आपल्या नजरेच्या टप्प्यापेक्षा जवळ आहेत, वर रूम टेम्परेचरची थरथर. म्हणून तर ते मिसळून एक काकडी दिसतात. १०० केल्विनला थरथर कमी होते, लांबच्या कोनातली रिफ्लेक्शन (क्रिस्टलमधून वळून येणारे एक्स-रे) जिवंत राहतात, ५५ किंवा ६० पर्यंत जाता येतं आणि ठिपके सुटे व्हायला लागतात. शिवाय डिसऑर्डर हलण्यामुळे असेल तर थंडीत एकच आकार उरू शकतो, आणि गोठलेलाच असेल तर प्रमाण साधारण तेच राहतं, दोन्ही माहिती कामाचीच. पुण्यात एनसीएल किंवा आयसरला सॅम्पल देताना फॉर्मवर "१०० केल्विन, ०.७७ पर्यंत" असं स्पष्ट लिहा, नाहीतर रांगेत नेहमीचा रन होऊन परत येतं.

त्यासाठी क्रिस्टल मात्र चांगला पाहिजे, आणि इथे सोलापूरचा उन्हाळा आडवा येतो. तुम्ही लिहिलंय की एप्रिलमधे डायक्लोरोमीथेनमधे स्लो इव्हॅपोरेशन लावलं होतं. डायक्लोरोमीथेन ४० अंशांना उकळतं हो! आपल्याकडे दुपारी पारा ४२-४३ ला असतो, पत्र्याच्या छताखालच्या लॅबमधे त्याहून जास्त, तिथे स्लो काही राहतच नाही, तासाभरात कोरडं होऊन बारीक सुयांचा गुच्छ मिळतो. इथाइल ॲसिटेट (७७ ला उकळतं) किंवा टोल्युइन घ्या, किंवा व्हेपर डिफ्युजन करा, आतल्या छोट्या व्हायलमधे इथाइल ॲसिटेटमधलं सोल्युशन, बाहेरच्या बाटलीत हेक्झेन, झाकण घट्ट, आणि सगळं थर्माकोलच्या डब्यात घालून अंधारात. अंधार यासाठी की वर म्हटलं तसं हे कंपाउंड उजेडात बिघडतं. आणि जिथे हादरे नाहीत तिथे ठेवा, माझं घर पूर्व भागात होतं तेव्हा शेजारचे पॉवरलूम दिवसभर चालायचे, घरी ठेवलेल्या प्रत्येक व्हायलमधे चुराच मिळायचा, तीच व्हायल कॉलेजच्या तळघरात ठेवली की ठोकळे. माझे सगळ्यात चांगले क्रिस्टल गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत मिळालेत, जानेवारीत, रात्री थंड आणि दिवस कोरडे. तोवर थांबता येत नसेल तर फ्रिजच्या दारातला कप्पा सोडून आत मागे ठेवा, दार उघडताना हलतं.

क्रिस्टल उचलताना पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली फिरवून बघा, पूर्ण एकदम काळा झाला पाहिजे, अर्धा काळा अर्धा उजळ असेल तर ते दोन चिकटलेले आहेत. साधारण ०.२ मिलिमीटरचा ठोकळा पुरे. आणि कोरडे करून कागदाच्या पुडीत नेऊ नका, थोड्या मदर लिकरसकट (क्रिस्टल ज्यात वाढले ते सोल्युशन) व्हायल न्या, पॅराफिल्म लावून, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघालात तर दुपारच्या उन्हाआधी पुण्यात पोचता.

एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते कारण ती तुमच्या प्रश्नाला थेट चिकटलेली आहे. बेंझीनची रिंग सपाट असते हे आज दहावीचा मुलगाही सांगेल, पण ते नक्की कळलं १९२९ च्या सुमाराला, कॅथलीन लॉन्सडेल यांनी लीड्समधे हेक्झामिथाइलबेंझीनचं स्ट्रक्चर सोडवलं तेव्हा. त्याआधी हिऱ्यातल्यासारखी वर-खाली रिंगही शक्य मानली जायची. कॉम्प्युटर नाही, सगळं हाताने. आपल्या केदारेश्वर बॅनर्जींनी त्याच काळात कलकत्त्यात नॅप्थलीन आणि अँथ्रासीनवर काम केलं आणि १९३३ मधे फेजचं चिन्ह (रिफ्लेक्शन मोजताना हरवणारी माहिती) थेट काढायच्या दिशेने पेपर लिहिला, डायरेक्ट मेथडची ती अगदी सुरुवातीची पावलं. त्या लोकांना प्रत्येक रिफ्लेक्शनशी झगडावं लागायचं. आपल्याला शेल्क्सटी प्रोग्रॅम दहा सेकंदात उत्तर देतं, त्यामुळे सपाट रिंग दिसली की आपण ती तशीच उचलतो.

तर या आठवड्यात एवढं करा. त्याच व्हायलमधले दोन-तीन क्रिस्टल क्लोरोफॉर्म-डीमधे विरघळवून एनएमआर, थोडं माससाठी. ते येईपर्यंत जुन्याच डेटावर पार्ट १-पार्ट २ चं मॉडेल लावून बघा, आर ७.२ वरून ५ च्या खाली यावा असा माझा अंदाज आहे, नाही आला तर आयएनएस (मॉडेलच्या सूचना) आणि एचकेएल (रिफ्लेक्शनचा डेटा) फाइल दोन्ही पाठवा (फक्त सिफ पाठवू नका, त्यात कधीकधी रिफ्लेक्शन नसतात), मी रात्री बसून बघतो. आणि नवीन व्हायल आजच लावा, इथाइल ॲसिटेट-हेक्झेन, एकाऐवजी पाच-सहा लावा वेगवेगळ्या कॉन्सन्ट्रेशनच्या, आणि आठ दिवस हात लावू नका.